थायमसमधलं एडीए आणि भाजकाचा प्रश्न : प्रकल्प नोंदी

3 जून 2024, सोमवार

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आज हातात पडली. फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, फेब्रुवारीत दिला होता. इतके उंदीर कशाला, असं समितीने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा नीट बसून गणित केलं तेव्हा प्रत्येक गटातले दोन कमी करता आले. हे मी आधीच करायला हवं होतं.

काम असं : अवयव-प्रत्यारोपणानंतर किंवा ल्युपससारख्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी जी औषधं देतात, त्यांनी थायमसच्या पेशींमधली एन्झाइम कमी-जास्त होतात का, ते बघायचं. थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर बसलेला, दोन पाळ्यांचा. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी इथे घडतात. 1961 मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढून दाखवला, तोवर या अवयवाचं काम कोणी नीट सांगू शकत नव्हतं. आम्ही दोन एन्झाइम धरली आहेत : ॲडेनोसिन डिॲमिनेज म्हणजे एडीए, आणि प्युरिन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज म्हणजे पीएनपी. औषधंही दोन : डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिन.

एडीए हे नाव आमच्या घरात मी या विषयात येण्याच्या आधीपासून आहे. मामाच्या छातीत पाणी झालं होतं. ते काढून एडीएसाठी पाठवलं, आकडा चाळिशीच्या बराच वर आला आणि टीबीची औषधं सुरू झाली. आई अजून विचारते, तू तेच मोजतेस का? तेच नाही. त्या पाण्यात वाढतं ते मुख्यतः एडीए-2, मॅक्रोफेजसारख्या, जंतू गिळणाऱ्या पेशींमधून येणारं. थायमसमध्ये एडीए-1 असतं. उंदरांना तर एडीए-2 चं जनुकच नाही, त्यामुळे आमच्या मोजणीत एवढा एक घोळ आपोआप टळतो.

6 जून

नवीन ज्युनियरने विचारलं, एवढ्या एन्झाइममधून एडीएच का? फळ्यावर काढून दाखवलं, इथेही लिहून ठेवते.

1972 मध्ये सिॲटलच्या एलोइस गिब्लेट यांना प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या दोन मुलींच्या तांबड्या पेशींत एडीए सापडलं नाही. त्या रक्तगटांच्या तज्ज्ञ होत्या, शोधत वेगळंच होत्या. 1975 मध्ये त्यांनाच एका मुलीत पीएनपी नसल्याचं आढळलं. तिच्या टी पेशी ढासळलेल्या होत्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी मात्र ठीक होत्या. एन्झाइम शरीरभर असतात, मग मार टी पेशींनाच इतका का बसतो?

उत्तर थायमसमध्येच आहे. इथे तयार होणाऱ्या पेशींपैकी बहुतेक बाहेर पडतच नाहीत, जागीच मरतात. मेलेल्या पेशींचा डीएनए तुटला की डीऑक्सिॲडेनोसिन मोकळं होतं. एडीए त्याचं डीऑक्सिइनोसिन करून टाकतं. एडीए नसेल तर शेजारच्या जिवंत थायमोसाइट, म्हणजे थायमसमध्ये घडत असलेल्या टी पेशी, ते आत ओढून त्याला फॉस्फेट जोडतात, डीएटीपी साचत जातो, डीएनएचे घटक बनवणारं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम बंद पडतं आणि नवा डीएनए बनवायला माल उरत नाही. ज्या गावात रोज इतकी मरणं होतात तिथे राख उचलणारा लागतोच. म्हणून थायमसच्या बाहेरच्या भागात, कॉर्टेक्समध्ये, एडीए भरपूर असतं. पेशी पिकत आत मेड्युलाकडे सरकल्या की एडीए उतरतं आणि पीएनपी चढतं. हे शेवटचं वाक्य फळ्यावर तसंच राहू दिलं आहे.

11 जून

डेक्सामेथासोन : प्रतिकिलो 5 मिलिग्रॅम, पोटात एकदाच, 48 तासांनी थायमस काढायचा. आपले विस्टार जातीचे उंदीर सहा आठवड्यांचे, साधारण 150 ग्रॅमचे; म्हणजे एकाला 0.75 मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारं इंजेक्शन मिलिलिटरला 4 मिलिग्रॅमचं असतं. तेवढ्याच सलाइनने पातळ केलं की 0.38 मिलिलिटर द्यायचं. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या बिनऔषधाच्या गटाला, तेवढंच नुसतं सलाइन. वय सगळ्यांचं तंतोतंत एक हवं, कारण थायमस तारुण्याच्या सुमाराला सर्वांत मोठा असतो आणि नंतर आपला आपण आक्रसत जातो.

19 जून

पहिली बॅच. 12 उंदीर.

डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन दिलेल्या उंदराचा थायमस पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. कंट्रोलमध्ये छाती उघडली की पांढुरक्या, टपोऱ्या दोन पाळ्या हृदयावर पांघरल्यासारख्या दिसतात. डेक्सामध्ये तिथे पातळ, किंचित पिवळट पडदा होता. ज्युनियरला वाटलं आपण चुकीच्या जागी बघतोय.

पुढच्यांसाठी एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. थायमसच्या कडेला, चरबीत दडलेल्या, मसुराच्या डाळीएवढ्या लसीकागाठी असतात. त्या ओढून काढल्याच पाहिजेत. त्यांच्यात पिकलेल्या टी पेशी असतात. मोठ्या कंट्रोल थायमसला एखादी गाठ चिकटून राहिली तर फार बिघडत नाही. आक्रसलेल्या डेक्सा थायमसमध्ये तीच गाठ निम्मा नमुना होऊन बसते आणि मग पिकलेल्या पेशी वाढल्याचं दिसतं, जे खोटं असतं. टेबलावर भिंग लावा, बर्फावरच्या काचेच्या ताटलीत थायमस ठेवून बारीक चिमट्याने कडा साफ करा. एकेका थायमसला दहा मिनिटं लागतात. ती द्या.

20 जून

एडीएची मोजणी गेली. अख्खी प्लेट निळी.

पद्धत अशी : ॲडेनोसिनवर एडीएने काम केलं की अमोनिया सुटतो, त्यात फिनॉल आणि हायपोक्लोराइट घातलं की निळा रंग येतो, रंगाची गडदता म्हणजे एन्झाइमची क्रिया. माझे ब्लँकसुद्धा, म्हणजे नमुना आहे पण ॲडेनोसिन घातलेलं नाही असे खळगेसुद्धा, शाईसारखे निळे.  हायपोक्लोराइट बदललं, पाणी बदललं, काचसामान आम्लाने धुतलं. दुपारी तीनला काल पेशी वेगळ्या करतानाची माझी वही काढली आणि ओळ सापडली : तांबड्या पेशी फोडायला लायसिस बफर, पाच मिनिटं, एक धुणं. त्या बफरमध्ये अमोनियम क्लोराइड असतं. जो अमोनिया शोधायचा तो मीच बाटलीने ओतला होता.

चूक माझी. बारा नमुन्यांची एडीए मोजणी त्यात गेली. पेशींची संख्या आणि फ्लोसाठी, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची जात ओळखणाऱ्या यंत्रासाठी, रंगवलेल्या नळ्या तेवढ्या शाबूत आहेत.

27 जून

निळ्या रंगाची पद्धत सोडली. आता थेट 265 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजते : ॲडेनोसिनचं इनोसिन झालं की तिथलं शोषण उतरत जातं, रेषेचा उतार म्हणजे एन्झाइमचा वेग. अमोनियाशी संबंधच नाही. क्वार्ट्झची क्युव्हेट, म्हणजे मोजणीची छोटी चौकोनी नळी, मात्र हवी, प्लास्टिकची या तरंगलांबीला आंधळी होते. पीएनपीसाठी इनोसिन आणि फॉस्फेट द्यायचं, सुटलेल्या हायपोझँथिनचं झँथिन ऑक्सिडेजकडून यूरिक ॲसिड करून घ्यायचं आणि 293 ला चढती रेषा बघायची. क्युव्हेटमध्ये पहिली सरळ रेषा उतरताना दिसली तेव्हा ज्युनियर आणि मी दोघंही काही न बोलता उभे होतो.

तांबड्या पेशी फोडणं बंद. थायमस स्वच्छ काढला तर त्यात रक्त फारसं नसतंच.

5 जुलै

पहिल्या बॅचच्या कंट्रोलचं काहीतरी बिनसलं आहे. सहा थायमसची वजनं जवळजवळ सारखी यायला हवी होती. तीन ठीक आहेत, तीन बरेच हलके. पिंजऱ्यांचे क्रमांक लावून पाहिले तर हलके तिन्ही वरच्या फळीवरचे.

ॲनिमल हाऊसच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, त्या खोलीचा दिवा रात्रभर जळतो. मी कुलूप लावतो तेव्हाही चालूच असतो. मी सांगितलं होतं एकदा." बारा तास उजेड, बारा तास अंधार हे टायमरवर चालतं. टायमर अडकलेला होता. वरची फळी ट्यूबलाइटच्या अगदी खाली.

पांढऱ्या उंदरांना झगझगीत उजेड सोसत नाही आणि रात्र हीच त्यांची कामाची वेळ. रात्र गेली की ताण, ताण आला की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींमधून कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक, आणि ते डेक्सामेथासोनचंच नैसर्गिक भावंड. ताणाचा अभ्यास करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये उंदरांना नाना प्रकारे त्रास देऊन पाहिलं तेव्हा हेच दिसलं होतं : ॲड्रिनल मोठ्या, थायमस लहान, जठरात व्रण. आमच्या कंट्रोलने औषधाविना थोडं औषध घेतलेलं होतं.

मार्गदर्शक मॅडमनी सगळी बॅच बाद केली. बारा जीव गेले आणि हाती काही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ते लपवून पुढे जाण्यात अर्थ नाही. काकांनी सांगितलेलं कोणीतरी ऐकून सोडून दिलं, हे त्याहून लागतं. आजपासून खोलीच्या दारावर वही टांगली आहे. दिवा, तापमान, आवाज, काहीही वेगळं दिसलं तर काका त्यात लिहितील आणि मी रोज सकाळी ती वाचून सही करीन.

24 जुलै

दुसरी बॅच. उंदीर आल्यावर पूर्ण आठवडा त्यांना कोणी हात लावला नाही. नवा टायमर. रात्री साडेनऊला स्वतः जाऊन दाराच्या फटीतून अंधार पाहून आले.

कंट्रोलचे सगळे थायमस अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, एकमेकांना धरून. डेक्साचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाहीत, आणि पेशींची संख्या वजनापेक्षाही जास्त घसरलेली.

1 ऑगस्ट

आकडे आले. डेक्सामध्ये एडीएची क्रिया दर दहा लाख पेशींमागे स्पष्ट उतरली आहे. पीएनपीची चढली आहे! दोन्हीही प्रत्येक उंदरात. संध्याकाळी मॅडमना आलेख दाखवताना माझा आवाज चढला होता : औषध एक एन्झाइम बंद करतंय आणि दुसरं उघडतंय.

मॅडमनी आलेख बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुझा भाजक काय आहे?"

म्हटलं, दहा लाख पेशी.

"कुठल्या पेशी?"

2 ऑगस्ट

रात्री झोप लागली नाही, पण सकाळी उत्तर घेऊन गेले.

थायमसमधल्या पेशी एकसारख्या नाहीत. सीडी4 आणि सीडी8 या पृष्ठभागावरच्या दोन्ही खुणा मिरवणाऱ्या कोवळ्या पेशी, म्हणजे डीपी, कॉर्टेक्समध्ये असतात. दोन्हींपैकी एकच ठेवलेल्या पिकलेल्या, म्हणजे एसपी, मेड्युलामध्ये. आमच्या कंट्रोलमध्ये दर पाच पेशींतल्या चार डीपी आहेत. डेक्सामेथासोन नेमक्या डीपी पेशींना मारतं. पिकलेल्या पेशी त्यातून बऱ्याचशा वाचतात. म्हणजे कंट्रोलचे दहा लाख आणि डेक्साचे दहा लाख ही दोन वेगळी गावं आहेत. पहिल्यात एडीएवाल्यांची वस्ती, दुसऱ्यात पीएनपीवाल्यांची. एकाही पेशीने आपलं एन्झाइम कमी-जास्त केलं नसेल तरी माझा आलेख असाच आला असता. फळ्यावर 6 जूनचं वाक्य तसंच होतं. दोन महिने मी रोज त्याच्यासमोर बसत होते.

भाजक ग्रॅम घेतला, मिलिग्रॅम प्रथिन घेतलं, तरी हेच. सगळे भाजक मिश्रणाचे. पेशी वेगळ्या करून मोजल्याशिवाय "औषधाने एन्झाइम उतरलं" हे वाक्य लिहायचं नाही, असं ठरलं. जुन्या कामांत असं वाक्य दिसलं की आता मी आधी भाजक शोधते.

13 ऑगस्ट

सॉर्टिंग, म्हणजे पेशी जातीनुसार वेगळ्या करणं. त्याचं यंत्र, सॉर्टर, आमच्याकडे नाही, शहरातल्याच दुसऱ्या संस्थेत आहे. सकाळी सहाला थायमस काढले, जाळीतून दाबून पेशी मोकळ्या केल्या, सीडी4 साठी डब्ल्यू3/25 आणि सीडी8 साठी ओएक्स-8 या अँटिबॉडींनी रंगवल्या. नळ्या बर्फात, बर्फ थर्माकोलच्या डब्यात, डबा ज्युनियरच्या मांडीवर, आणि स्कूटरवर मी पुढे. पाऊस असा की सिग्नलला थांबलं की डब्यावर रेनकोटची बाही धरावी लागत होती.

कंट्रोलच्या डीपी पेशी वीस मिनिटांत हव्या तितक्या मिळाल्या. डेक्साच्या डीपी पेशींसाठी पावणेदोन तास बसलो. पडद्यावर उजव्या वरच्या कोपऱ्यात एरवी काळाकुट्ट ढग असतो, तिथे विरळ ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी, आणि आम्ही त्या गोळा होण्याची वाट बघत होतो. दोन उंदरांचे नमुने एकत्र करावे लागले.

20 ऑगस्ट

दोन गोष्टी, दोन्ही त्रासाच्या.

मरणाऱ्या पेशींना चिकटणाऱ्या ॲनेक्सिन-व्ही या प्रथिनाने अशा पेशी दिसायला हव्या होत्या. डेक्सामध्येही एकही नाही. कारण सापडलं : मी पेशी गुठळ्या होऊ नयेत म्हणून बफरमध्ये ईडीटीए घातलं होतं. ॲनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. बिनईडीटीएच्या कॅल्शियमवाल्या बफरमध्ये पुन्हा केलं, लगेच दिसल्या.

दुसरी, आरएनए मोजताना तुलनेसाठी धरलेलं जीएपीडीएच जनुक स्वतःच डेक्साने हलतंय. जे स्थिर समजून बाकी सगळं त्याच्याशी ताडायचं, तेच हललं तर ताडायचं कशाशी? ज्युनियरने एचपीआरटी सुचवलं. ते प्युरिनच्याच, म्हणजे एडीए-पीएनपीच्याच, वाटेवरचं एन्झाइम, या प्रकल्पात नको. तूर्त 18एस हा रायबोसोमचा आरएनए घेतला आहे.

23 ऑगस्ट

वेगळ्या केलेल्या पेशींचे आकडे. डीपी पेशीत एडीए : कंट्रोल आणि डेक्सा जवळपास सारखेच. एसपी पेशीत पीएनपी : तेही सारखंच. पहिल्या ऑगस्टचा माझा आलेख खरा होता, वाक्य खोटं होतं.

मला वाटलं होतं मन खट्टू होईल. तसं झालं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा आपल्याला या ग्रंथीतलं काहीतरी ठामपणे माहीत आहे असं वाटतंय.

12 सप्टेंबर

सायक्लोस्पोरिनची बॅच संपली. 29 ऑगस्टपासून काल 11 तारखेपर्यंत रोज सकाळी आठला प्रतिकिलो 15 मिलिग्रॅम, ऑलिव्ह तेलातून, नळीने तोंडावाटे. कंट्रोलला नुसतं तेल, तीच नळी, तेच हात. शनिवारी गणपती बसले त्या दिवशीही मी आणि काका आठला हजर होतो. काकांनी घरच्या पूजेची वेळ पुढे ढकलली होती. संध्याकाळी बाहेर ताशा वाजायचा, त्याची नोंद वहीत आहे. दोन्ही गट एकाच खोलीत, त्यामुळे आवाजाचा ताण दोघांना सारखा. कंट्रोलची वजनं एकमेकांना धरून आहेत, हे सर्वांत आधी तपासलं.

हे औषध नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिडा पठाराच्या मातीतल्या बुरशीतून आलं. ते मुळात एका एन्झाइमलाच अडवतं, कॅल्सिन्युरिनला. डीपी पेशीला "तू योग्य आहेस, पुढे जा" हा निरोप मिळतो त्यात कॅल्सिन्युरिन लागतं. ते अडलं की डीपी पेशी मरत नाहीत सगळ्या, पण पुढच्या इयत्तेत जात नाहीत. स्लाइडवर ते स्वच्छ दिसतं : कॉर्टेक्स दाट जांभळा आणि जागच्या जागी, मधली फिकट मेड्युला आकसून लहान बेटांएवढी. डेक्साच्या स्लाइडमध्ये कॉर्टेक्स झडलेला आणि मेड्युला उघडी पडलेली. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवल्या तर एकाच अवयवाचे उलटे ठसे वाटतात.

24 सप्टेंबर

सायक्लोस्पोरिनचे आकडे मांडले. दर दहा लाख पेशींमागे एडीए किंचित वर, पीएनपी खाली. डेक्साच्या बरोबर उलट. आणि वेगळ्या केलेल्या डीपी पेशीत एडीए पुन्हा तेच, कंट्रोलएवढं.

म्हणजे मिश्रणाचे आकडे वाचून कोणी लिहिलं असतं की ही दोन औषधं या दोन एन्झाइमवर विरुद्ध काम करतात. ती विरुद्ध काम करतात हे खरंच, पण पेशींच्या वस्तीवर. एक कोवळ्यांना मारतं, दुसरं त्यांना पिकू देत नाही. आमच्या मसुद्यात आता तक्ता चार भाजकांनी जाईल : अख्खा थायमस, मिलिग्रॅम प्रथिन, दहा लाख पेशी, आणि वेगळी केलेली एकेक जात. चारही शेजारी. मॅडमना तीन स्तंभ पुरेसे वाटत होते. मी चारही ठेवायचा हट्ट धरला आणि त्या हो म्हणाल्या.

30 सप्टेंबर

आज ज्युनियरने आमच्याच निष्कर्षाला हात घातला. 48 तासांनी ज्या डीपी पेशी हाती लागल्या त्या वाचलेल्या पेशी. ज्या मेल्या त्यांच्यात मरण्याआधी एडीए बदललं असेल तर ते आम्हाला कधीच दिसलं नसतं. बरोबर आहे त्याचं. सॉर्टरसमोर पावणेदोन तास बसून गोळा केलेले ते विरळ ठिपके म्हणजे उरलेली माणसंच.

त्यासाठी चार तासांची वेळ घ्यायची. त्या वेळी डेक्साचा निरोप जनुकांपर्यंत पोचलेला असतो आणि बहुतेक डीपी पेशी अजून शाबूत असतात. पेशीच्या आतलं एडीए अँटिबॉडीने रंगवून, मरू लागलेल्या आणि न लागलेल्या पेशी एकाच नळीत वेगळ्या ओळखून मोजायचं. समितीकडे सहा उंदरांची वाढीव मागणी आज लिहिली. कशाला, हे या वेळी पहिल्याच परिच्छेदात आहे. काकांच्या वहीत आजची नोंद : दिवा सातला बंद, तापमान 23, सगळे नीट.